घराण्याचं हाड

मालकांच्या दुकानात शिरलेल्या माणसाला आधी बूट दिसत नसत, पाय दिसत. समोरच्या भिंतीवर लाकडाचे पाय टांगलेले होते, जोडीजोडीने, पितळी आकड्यांना. बूट बनवणारे त्याला फर्मा म्हणतात. माणसाच्या पायाचं माप घ्यायचं, तो पाय तसाच्या तसा लाकडात कोरायचा आणि त्यावर चामडं ओढून बूट शिवायचा. गिऱ्हाइकांचे फर्मे मागच्या खोलीतल्या फडताळात नंबर घालून एकमेकांच्या उरावर पडलेले असत. भिंतीवरचे मात्र घरचे. सगळ्यात वर मूळपुरुष, म्हणजे मालकांचे आजोबा. त्यांच्याखाली वडील आणि काका. मग खुद्द मालक. सगळ्यात खाली मालकांचा धाकटा मुलगा, ज्याने जन्मात एक टाका घातला नव्हता.

पाच जोड्या आणि पाचही उजव्या पायांना एकच हाड. अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेलं, आणि अंगठा शेजारच्या बोटांवर रेललेला. मालक गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे, भिंतीकडे बोट दाखवायचे आणि सांगायचे, चार पिढ्या बघून घ्या, दुखरा पाय आमच्या रक्तातच आहे, म्हणून तुमचा पाय आम्हाला कळतो. गिऱ्हाईक तिथेच विरघळायचं. आता दुखणं मिरवायचं म्हणजे कमालच म्हणायची. पण माणसं नाक मिरवतात, टक्कल मिरवतात, आजोबांचा तापट स्वभावसुद्धा मिरवतात, बापाकडून आलं म्हटलं की झालं. या घराने हाड मिरवलं.

थोरली ही मालकांची पहिली मुलगी, चाळिशीला आलेली. लग्न केलं नव्हतं. दुकानाचं सगळं काम तिच्या हातचं. माप ती घ्यायची, फर्मा ती कोरायची, टाच ती बसवायची. मालक तयार जोड उजेडात धरून नुसतं 'हं' करायचे, आणि गिऱ्हाईक मालकांचे आभार मानून जायचं. धाकट्याचा तो भिंतीवरचा फर्मासुद्धा तिनेच कोरून दिलेला होता. तिचा स्वतःचा पाय मात्र भिंतीवर नव्हता. तसे मुलींचे पाय टांगायची त्या घरात रीतच नव्हती. पण तिचा टांगायचं ठरलं होतं आणि मग टांगला गेला नाही, ही गोष्ट वेगळी.

त्याला बावीस वर्षं झाली होती. थोरलीने हट्टाने काम शिकून घेतलं होतं आणि हात असा बसला होता की मालकांनाही हौस वाटली असावी. अठरावं लागताना ते म्हणाले, तुझा पाय तू कोर, जमला तर लावू भिंतीवर. पोरगी महिनाभर तहानभूक विसरून खपली. तळव्याचा खोलगटपणा, टाचेची गोलाई, करंगळीचा तो वेडा बाक, काही सोडलं नाही तिने. जोडी बापाच्या हातात दिली तेव्हा आई ओले हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती, कौतुकाने. मालकांनी फर्मा उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याच्या कडेवरून बोट फिरवलं. कड सरळ होती, फूटपट्टी लावून घ्यावी इतकी.

"काम उत्तम आहे," ते म्हणाले. "पाय आपला नाही."

मग बायकोकडे वळून त्यांनी एकच शब्द विचारला.

"कुणाचा?"

आरडाओरडा झाला नाही. ओरडणारा माणूस निदान दमतो तरी. मालक दमले नाहीत. बायकोशी त्यांनी जे बोलणं तोडलं ते नऊ वर्षं, ती मरेपर्यंत. थोरलीला त्यांनी सांगितलं की हात चांगला आहे, कामावर यायला हरकत नाही, फक्त इथून पुढे मला मालक म्हणायचं. तेव्हापासून ती त्यांना मालक म्हणत होती. दुकानात म्हणायची, जेवताना म्हणायची, तापाने फणफणलेल्या त्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवतानाही मालकच म्हणायची. 'बाबा' हा शब्द धाकट्याच्या वाट्याला गेला.

आणि आई? तिने काय करावं बिचारीने? झोपताना लेकीचा अंगठा बुटाच्या नाडीने आत ओढून बांधायची, हाड येईल म्हणून. वर्षभर हे चाललं. अठराव्या वर्षी पक्कं झालेलं हाड असल्या नाडीला कशाला दाद देतंय? अंगठा काळानिळा पडायचा आणि सकाळी परत सरळच्या सरळ. थोरलीने एकदाच विचारलं होतं, आई, खरं काय ते सांग. त्यावर आईने तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यानंतर तिने कानाला खडा लावला. विचारल्याची लाज मात्र तिला आजही वाटायची. सगळ्या जगाने विचारलं असतं तरी चाललं असतं, आपण विचारायला नको होतं.

तेव्हा तिला काय हवं होतं ते अगदी साधं आहे. दुकान नको होतं, दारावरच्या पाटीत नाव नको होतं. भिंतीवर दोन आकडे हवे होते. पाय एकदा तिथे टांगला गेला की ती मालकांची मुलगी ठरणार होती आणि आई चांगली बाई ठरणार होती. एवढ्यासाठी तिने बावीस वर्षं मान खाली घालून काढली.

यंदा धाकट्याचा मुलगा चार वर्षांचा झाला. गोटू म्हणायचे त्याला, तसाच होता तो गोल. घरातल्या मुलग्याला चौथ्या वर्षी घराण्याचा पहिला जोड मिळायचा. त्यासाठी मूळपुरुषाचा फर्मा भिंतीवरून उतरवायचा, त्याचाच आकार मुलाच्या मापाला लहान करून नवा फर्मा कोरायचा आणि त्यावर बूट बेतायचे. पोराने ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत घालायचे. दर वर्षी मोठ्या मापाचा नवा जोड, असं अठरा वर्षांपर्यंत. मुलींना हे नसे. थोरली लहानपणी दुकानातल्या उरल्यासुरल्या चामड्याच्या सैल सपाता घालून हुंदडली होती.

मूळपुरुषाला हात फक्त मालकांनी लावायचा. पण मालकांच्या हातांना आता कंप सुटला होता, पेला धरला तरी पाणी सांडायचं. मग एके दुपारी त्यांनी थोरलीला खिडकीपाशी बोलावलं.

"गोटूचा जोड तू कर," ते म्हणाले. "तुझा पाय लावतो भिंतीवर."

ती मागच्या खोलीत गेली आणि फडताळाला डोकं टेकून उभी राहिली. बावीस वर्षं आईच्या रुमालात गुंडाळून खणात ठेवलेली आपली जोडी तिने काढली, पुसली आणि परत गुंडाळून ठेवली.

माप घ्यायला ती भावाच्या घरी गेली. धाकटा विमा कचेरीत नोकरीला होता, दिवसभर खुर्चीत बसून काम, तरी घरी आला की गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसायचा. हाड ठणकतंय, असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि सांगण्यात तोरा असायचा. गोटूला मापाच्या फितीने गुदगुल्या होत होत्या. त्याचे पाय रुंद आणि मऊ, बोटं सुटी सुटी, अंगठा सरळ. भावजयीने हळूच म्हटलं, ताई, याला तर हाडाचा मागमूस नाही. धाकटा हसला. माझंही नव्हतं या वयात, तो म्हणाला, पुढे येतं, रक्तातलं आहे. थोरलीने मान डोलावली. हजारो गिऱ्हाइकांचे पाय हाताळलेली बाई. निमुळते बूट घालू नका, हाड वाढेल, असं आठवड्यातून चार जणांना बजावणारी. तीच मान डोलावून फीत गुंडाळून घरी आली. घरचं म्हटलं की माणसाचे डोळे कसे जातात बघा.

दुसऱ्या दिवशी तिने स्टूल घेतलं, मूळपुरुष उतरवला आणि आपल्या कामाच्या फळीवर ठेवला. पिढ्यापिढ्यांच्या वार्निशाने तो काळाभोर झाला होता. हाडावर मापाचा चिमटा टेकवला तर टोक कशात तरी अडकलं. तिला वाटलं, लाकडाला चीर गेली. वाकून बघते तर चीर नव्हती. हाडाची कड उचकटली होती. ते हाड लाकडाचं नव्हतंच, वार्निशाखाली चामड्याची चकती होती.

आता हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तो तिचा रोजचा उद्योग होता. एखाद्या गिऱ्हाइकाला हाड असलं आणि नवा फर्मा कोरायला सवड नसली, की हाताशी असलेला जुना सरळ फर्मा घ्यायचा, अंगठ्याची आतली बाजू कानशीने घासून तिरकी करायची, मुळाशी सरसाने चामडं डकवायचं, झालं हाड. तिने चामडं कापायच्या रापीचं पातं सरकवून चकती अलगद सोडवली. खालचं लाकूड पिवळंधमक होतं, उजेड न लागलेलं. त्यावर शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं. ते अक्षर तिने मापांच्या जुन्या वह्यांमध्ये शेकडो वेळा वाचलं होतं. पणजोबांचंच, म्हणजे खुद्द मूळपुरुषाचं.

बँडमास्तर. उजवा. हाड दुखतं. जागा ठेवणे.

पणजोबांनी कधीतरी घाईगर्दीत आपलाच फर्मा बँडमास्तरसाठी वापरला होता आणि परत नीट करायचा राहून गेला होता. मुलं तान्ही असतानाच ते गेले, आणि त्यांच्या पश्चात कुणीतरी तो वाडवडिलांचा पाय म्हणून भिंतीवर चढवला, आणि त्या तिरक्या मापाच्या बुटांत चार वर्षांची पोरं कोंबायला सुरुवात झाली. कोवळी हाडं ती, जिकडे दाबाल तिकडे जाणार. रक्तातलं त्यात काही नव्हतं. भाऊ लहानपणी उंबऱ्यावर बसून रडायचा, बाबा, चावतो, म्हणायचा, आणि बाबा शांतपणे सांगायचे, सवय होते. तिला कुणी असे बूट घातले नाहीत म्हणून तिचा पाय सरळ राहिला. एवढीच काय ती आईची बदफैली.

खणातून तिने आपला फर्मा आणला आणि चकती काढलेल्या जागेला लावून बघितला. टाच, तळव्याचा खोलगटपणा, करंगळीचा वेडा बाक, सगळं जसंच्या तसं. त्या सबंध घराण्यात पणजोबांचा पाय कुणाला आलाच असेल तर तो तिला आला होता.

दोन्ही फर्मे घेऊन ती मालकांसमोर गेली. तिने चकती त्यांच्या मांडीवर ठेवली. मालकांनी ती बघितली, बोटाने मागची बाजू चाचपली, आणि सरस गरम करून लाव, गार सरस धरत नाही, असं सांगितलं.

थोरलीने चकती परत उचलली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुझ्या भावाच्या पहिल्या जोडाच्या वेळी निघाली होती. मीच चिकटवली."

भाऊ तेव्हा चार वर्षांचा होता. म्हणजे ती दहा. म्हणजे तिचा फर्मा हातात घेऊन त्यांनी 'कुणाचा' म्हणून विचारलं, त्याच्या आठ वर्षं आधीपासून या माणसाला ठाऊक होतं. तिने मनातल्या मनात दोनदा हिशेब केला, दोन्ही वेळा आठच आले.

"आणि आई?"

"तुझी आई चांगली बाई होती," मालक म्हणाले. "मला कधी शंका आली नाही."

"मग का?"

मालकांनी भिंतीकडे बघितलं. वर दोन आकडे रिकामे होते. त्यांच्या बोलण्यात ना राग होता ना शरम, चामड्याची जात समजावून सांगावी तसे ते बोलले. "एक सरळ पाय तिथे लागला असता तर लोकांनी बाकीचे नीट बघितले असते. गिऱ्हाईक काय बघायला येतं इथे? तू, मी? ते भिंत बघायला येतं. माझा बाप त्या बुटात रडला, मी रडलो. ते सगळं बँडमास्तरसाठी होतं असं सांगू लोकांना?"

थोरली म्हणाली की मी सांगेन. भावाला सांगेन, भावजयीला सांगेन, बाजारात उभी राहून सांगेन.

"सांग," मालक म्हणाले. "भिंत उतरवून टाकू. मग तुला टांगायचं कुठे?"

यावर उत्तर तुम्हाला मला सुचेल हो, आपण पाय पसरून वाचतोय. तिने बावीस वर्षं ज्या आकड्यांकडे डोळे लावले होते ते खोट्या भिंतीत ठोकलेले निघाले, आणि तरी तिला ते हवेच होते. आईचं नाव जिथे गेलं तिथेच ते परत मिळायला हवं होतं, दुसरीकडे कुठे मिळून काय उपयोग? मालकांनी तेवढ्यात आणखी एक गोष्ट सांगितली. पाय लावायचा कबूल, पण असा नाही. हाड डकवून आण.

तिने बाहेर जाऊन भावाला फोन लावला. आता सांगतेच, असं ठरवून लावला. पण धाकट्याने तिला तोंड उघडू दिलं नाही. बाबांनी सकाळीच त्याला कळवलं होतं. तो आनंदाने बोलतच सुटला, मी किती वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो म्हणून सांगू, तुझा पाय वर गेला की आईला बरं वाटेल, असेल तिथे. भाऊ चांगला होता, हेच तर वाईट झालं. वाईट असता तर ती एका दमात सगळं ओकली असती.

"गोटूच्या डाव्या पायाची लांबी घ्यायची राहिली," ती म्हणाली. "मोजून कळव."

सरस तिने गरम करून लावला. मूळपुरुषाचं हाड असं बसवलं की वार्निशाचा हात फिरल्यावर तिचं तिलाही सांधा सापडेना. मग गोटूचे फर्मे कोरले, मूळपुरुषाच्या मापाबरहुकूम, उजव्याचा अंगठा तिरका. चार वर्षांच्या पायाचे म्हणून बूट मऊ करावेत, थोडी जागा सोडावी, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण तिने तसं केलं नाही. ढिल्या बुटात हाड येत नाही, आणि अठराव्या वर्षी त्या पोराच्या हातात सरळ फर्मा आला तर त्याच्या आईलाही कुणीतरी विचारणार होतं. निदान तिने स्वतःला असंच सांगितलं. खरं म्हणजे तिला काम चोख करायचं होतं. मालकांनी ते उजेडात धरून 'हं' म्हणायला हवं होतं.

शेवटी तिने स्वतःच्या जोडीतला उजवा पाय शिकंज्यात आवळला आणि अंगठ्यावर कानस धरली. पहिल्या घासाला हात चालेना. दुसऱ्याला चालला. लाकडाचा भुसा आईच्या रुमालावर पडत राहिला. अंगठा तिरका झाला, मुळाशी चामडं बसलं, वार्निश चढलं. आई वर्षभर नाडी बांधून जे करू शकली नव्हती ते लेकीने एका दुपारीत केलं. डकवायच्या आधी चकतीखाली काहीतरी लिहून ठेवावं असं तिला वाटलं. पेन्सिल हातात घेतली, आणि तशीच ठेवून दिली.

रविवारी सकाळी सगळे दुकानात जमले. धाकटा होता, भावजय होती, दोन जुनी गिऱ्हाइकं होती. मालक कडक इस्त्रीचा कोट घालून खुर्चीत बसले होते. धाकट्याने स्टुलावर चढून आपल्या हाताने बहिणीचा पाय आकड्यांना अडकवला आणि खाली उतरून तिला मिठी मारली. भावजय निरखून बघत होती. ताई, तुम्हालाही हाड आहे की, ती म्हणाली, मग इतकी वर्षं का नाही लावला? थोरली म्हणाली की पहिल्यांदा कोरताना माझ्याकडून चूक झाली होती. एक म्हातारं गिऱ्हाईक पुढे झालं, चष्मा सावरला आणि म्हणालं, रक्त कुठे लपतंय का. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग गोटूला खुर्चीत बसवलं. थोरली त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. नवा कोरा जोड बघून पोर आधी हरखलं, पाय पुढे केला त्याने आपण होऊन. डावा गेला. उजवा घालताना अंगठा आत वळला आणि त्याचं हसू थांबलं. आत्या, चावतो, तो म्हणाला. भावजय पुढे झाली, धाकट्याने तिचा हात धरला. गोटूने पाय मागे ओढला, थोरलीने टाच धरून ठेवली. तिच्या तळहातात तो पाय सबंध मावत होता.

"सवय होते," ती म्हणाली.

आणि नाडी आणखी एक भोक वर ओढून तिने गाठ मारली. गोटू आता मोठ्याने रडत होता. मालक काठीवर रेलून पुढे झुकले.

"बसला का?"

थोरलीने बुटावरून अंगठा फिरवला, आत जिथे हाड यायचं होतं तिथे दाबून बघितलं.

"बसला, बाबा."

मालक 'हं' म्हणाले.